बाजूच्या सीटवर बसलेला माणूस अन् आपलं बदललेलं डोकं – तुमच्यासंगं असं झालं का?

पऱ्हाटीवाला
राम राम मंडळी. झड लागली आहे, वावरात पाय टाकता येत नाही, लाइन पण येऊन-जाऊन आहे, म्हणून बरेच दिवसांचं डोक्यात होतं ते लिहून टाकतो. विषय असा आहे का, जो आपला सोयरा नाही, गावचा नाही, ज्याचं नाव पण आपण विचारलं नाही असा माणूस एसटीत नाहीतर दवाखान्याच्या लाइनीत भेटते, दोन गोष्टी बोलते अन् उतरून जाते, पण त्यानंतर आपली एखादं काम करायची रीतच बदलून जाते. माझ्यासंगं झालं, तुमच्यासंगं झालं असंल तर सांगा.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आमच्या पट्ट्यात काय केलं ते इथल्या कास्तकारांना नव्यानं सांगायची गरज नाही. बीटी कपाशी आहे म्हणून सगळे निर्धास्त, अन् बोंड फोडलं का आत अळी. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन माणसं गेली. तर त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट, पोळा होऊन गेला होता, मी यवतमाळहून राळेगावकडं मुक्कामी गाडीनं येत होतो. रुमाल टाकून सीट धरली, बाजूला एक पन्नाशीचा माणूस येऊन बसला, मांडीवर स्टीलचा डबा. मला वाटलं शिदोरी असंल. कळंबच्या पुढं त्यानं डबा उघडला तर आत पऱ्हाटीची (कापसाची) फुलं! अर्धवट उमललेली, पाकळ्या एकमेकीत पीळ घालून बसलेल्या. मी पाहून राह्यलो हे त्यानं पायलं अन् एक फूल माझ्या हातावर ठेवलं. म्हणे हे काय आहे सांगा. मी म्हटलं फूल आहे. म्हणे डोमकळी आहे.

मग नखानं एकेक पाकळी सोडवली. आत बारीक धागे, अळीनं विणलेले, त्यानंच पाकळ्या बांधून ठेवलेल्या असतात, अन् मधोमध एवढीशी पांढुरकी अळी, डोकं काळपट. मी म्हटलं ही तर पांढरी आहे, गुलाबी कुठं आहे? तर म्हणे, "मोठी झाली का होते गुलाबी. तवा तुमाले वयखू येते, पन तवा ते बोंडात जाऊन बसली असते."

खिशात भिंग होतं त्याच्या. भिंगातून दाखवली. मग सांगितलं का डोमकळ्या दिसल्या का तोडून नष्ट करा, हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, अन् एका सापळ्यात रोजचे ८ पतंग असे लागोपाठ तीन दिवस दिसले तरच फवारणीकडं वळा, शेजारच्यानं पंप काढला म्हणून आपण काढू नका. अन् फरदड, म्हणजे हंगाम संपला तरी उभी ठेवलेली पऱ्हाटी. आमच्याकडं पाणी असलं का सगळेच फरदड ठेवायचे, डिसेंबर नंतर पण दोन क्विंटल निघते ना, कोण सोडते. तर तो म्हणे, फरदड ठेवता म्हणजे तुम्ही अळीले घरजावई करून ठेवता, खाऊनपिऊन पुढच्या हंगामापर्यंत तयारच.

आता यातलं सगळंच्या सगळं कृषी सहायक आमच्या गावात येऊन सांगून गेले होते, मारोतीच्या पारावर बॅनर होता, आम्ही ऐकलं, चहा पेलो अन् घरी गेलो. गाडीतल्या माणसाचं मात्र डोक्यात बसलं. तेव्हापासून डिसेंबरात पऱ्हाटी उपटून हरभरा घेतो. कावून बसलं असंल डोक्यात, हाच माझा प्रश्न आहे.

ठेलेवाला
भाऊ मस्त लिहिलं. आमच्या पानठेल्यावर रोज इतके अनोळखी लोक येतात पण खर्रा घोटेपर्यंत फक्त राजकारण बोलतात, त्यानं कोणाचं डोकं बदललेलं अजून पायलं नाही 😀

खडू_फळा
लेख आवडला पण थोडं थंड डोक्यानं बघू. तुम्हाला आयुष्यात एसटीत हजारो माणसं बाजूला बसली असतील. त्यातल्या एकाचं आठवतं कारण त्यातून काहीतरी झालं. बाकीच्यांचं काय? आपण मागून गोष्ट रचतो आणि म्हणतो की त्या भेटीनं बदललो. २०१७ नंतर फरदड सोडा म्हणून सरकारनं, विद्यापीठानं, कापूस संशोधन संस्थेनं एवढा जोर लावला होता, जिनिंगमध्ये सुद्धा सापळे लावले होते. तुम्ही आज ना उद्या सोडलीच असती. बसमधला माणूस निमित्त. शाळेत इतकी वर्षं पोरं बघतोय, एका वाक्यानं बदललेला पोरगा मला भेटायचा आहे अजून.

पऱ्हाटीवाला
@खडू_फळा सर, मुद्दा पटला अन् नाही पण. आज ना उद्या म्हणता, तर माझ्या धुऱ्याला धुरा लागून चुलतभावाचं वावर आहे, तेच बॅनर त्यानं पायलं, नुकसान माझ्यापेक्षा जास्त झालं, तो अजून मार्च पर्यंत पऱ्हाटी ठेवते. मग त्याच्या उद्याला काय झालं? मला वाटते माझ्यात आधीपासून काहीतरी सलत होतं. त्या वर्षी जो माल गेला तो डोक्यातून जात नव्हता अन् कोणाला विचारावं हे समजत नव्हतं. कृषी केंद्रवाल्याला विचारलं का तो बाटली काढते. साहेबाला विचारावं तर साहेब सभेत बोलते, तिथं आपण अडाणी दिसू म्हणून कोणी हात वर करत नाही. गाडीतल्या माणसाला काही विकायचं नव्हतं अन् तो मला ओळखत नव्हता, म्हणून "गुलाबी कुठं आहे" असा येड्यासारखा प्रश्न मी बिनधास्त विचारला. गावात विचारला असता का? कदापि नाही.

सांबारवडी
हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं, नाहीतर मी नुसती वाचणारी. चांदूर रेल्वे साइडची आहे.

माझ्या आईची गोष्ट. तिचं सगळं आयुष्य गाव, वावर अन् वर्षातून एखादं लग्न. बाबांसोबत जायचं, बाबांसोबत यायचं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं ना, तेव्हापासून ही बाई सुटली! आधी माझ्याकडं यायला लागली, मग मावशीकडं, मग नुसतंच अमरावतीला जाऊन अंबादेवीचं दर्शन घेऊन परत. बाबा चिडायचे, अर्ध्या तिकिटाच्या नादात पूर्ण पैसे खर्च करून राह्यली म्हणायचे, जे की हिशोबानं बरोबरच होतं.

तर एकदा गाडीत तिच्या बाजूला एक बाई बसली, उमेदची (सरकारचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) वर्धिनी. म्हणजे गावोगाव जाऊन बचत गट उभे करणाऱ्या बाया असतात त्यातली. गोष्टी निघाल्या, कुठल्या तुम्ही, लेकरं किती, घर कोणाचं. आई म्हणे घर आमचंच आहे. ती म्हणे तुमचं म्हणजे कोणाचं, कागदावर नाव कोणाचं? आई म्हणे यांचं. ती म्हणे मग तुमचं कसं?

बस्स. एवढंच. आई घरी आली, भाकरी थापता थापता बाबांना म्हणे, हे घर माझं कसं? बाबांना काही समजेना. त्यांना वाटलं भांडण काढून राह्यली, माहेरी जाते का काय. मला फोन केला, तुझ्या मायला गाडीत कोणीतरी काहीतरी सांगितलं म्हणे, समजाव. मी आईला विचारलं तर तिला सगळं पाठ, ग्रामपंचायतीच्या नमुना ८-अ वर (घराच्या नोंदीचा उतारा) नवऱ्यासोबत बायकोचं पण नाव लागते, अर्ज द्यावा लागते, त्यावर नवऱ्याची सही लागते. बाबा सही करायला तयार होते, खरंच त्यांना काही हरकत नव्हती, पण ते म्हणत राह्यले का मी कुठं मरून राह्यलो, घाई काय आहे. आई म्हणे मरायचा संबंध नाही, मी भिंती सारवल्या त्या कागदावर दिसल्या पाहिजे. हे वाक्य माझ्या आईचं आहे हो, जी पाहुण्यांसमोर कधी खाली पण बसली नाही.

नाव लागलं. आता ती गटाची सचिव आहे अन् बँकेत जाऊन मॅनेजरला "स्लिप भरून द्या म्हणजे काय, तुम्हीच दाखवा कशी भरतात" म्हणते. खडू_फळा सर, आता सांगा हे पण आज ना उद्या झालंच असतं का? तीसेक वर्षं नाही झालं ना!

डबल_घंटी
मी कंडक्टर आहे. डेपोचं नाव लिहत नाही, समजून घ्या.

सांबारवडी ताई म्हणतात ते मी रोज पाहून राह्यलो. अर्ध्या तिकिटानं गाडीचा आवाजच बदलला. पहिले दुपारच्या फेरीला आठ-दहा माणसं, कोर्टाच्या तारखेवाली अन् तहसीलच्या कामाची, सगळी चूप. आता बायांनी गाडी भरते अन् मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर गोष्टी चालू. पंच्याहत्तरच्या वरचे म्हातारे तर २०२२ पासून फुकटात फिरून राह्यले, आधार कार्ड गळ्यात लटकवून. त्यांचं काम काही नसते, बोलणं हेच काम. पण कॉलेजच्या पोट्ट्यांचे दोन्ही कान बंद असतात. पोराला "पुढं सरक" म्हणायचं असलं तरी खांद्यावर टपली मारावी लागते. अन् ज्याच्यापाशी गाडी आली (दुचाकी म्हणतो) तो एसटीत येतच नाही. त्यामुळं पुरुष माणसाला अनोळखी माणूस भेटायची जागा कमी झाली असं माझं मत आहे. फक्त गाडी फेल झाली का पाहा मजा! रोडच्या कडंला उतरून सगळे एकमेकाशी बोलतात. कोणी डबा उघडते, कोणाचा जावई त्याच डेपोत निघते, कोणाच्या पोरीसाठी स्थळ निघते. दुसरी गाडी येऊन उभी राहते तरी यांच्या गोष्टी संपत नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत सांगतो. नवीन होतो तेव्हा मुक्कामी ड्यूटी लागायची, एका गावात गाडी रात्री थांबायची अन् सकाळी पहिली फेरी घेऊन निघायची. तिथं एक आजी रात्री कंदील घेऊन आली, मला वाटलं जेवणाचं विचारायला आली. तिनं गोळ्यांची पट्टी पुढं केली, म्हणे बाबू यावर काय लिहिलं वाच. तारीख संपून वर्ष झालं होतं. ती रोज अर्धी गोळी घेत होती, पुरवून पुरवून. मी पट्टी खिशात टाकली अन् दुसऱ्या दिवशी तालुक्याहून नवीन आणून दिली, चिठ्ठी दाखवून. त्यात मोठेपणा काही नाही, औषध स्वस्त होतं. पण तेव्हापासून म्हातारा माणूस दवाखान्याची पिशवी घेऊन चढला का मी तिकीट फाडता फाडता (आता मशीन आहे) विचारतोच, आजोबा गोळ्या दाखवा बरं. डायवर चिडते, टाइम होऊन राह्यला म्हणते. चिडू दे.

वरोरा_फाटा
विदर्भात हा विषय निघाला अन् बाबा आमट्यांचं नाव नाही आलं असं कसं होईल. आमच्या वरोऱ्यातलीच गोष्ट. वकील माणूस, नगरपालिकेचे उपाध्यक्ष, घरची जमीनदारी, तरी मैला वाहणाऱ्यांसोबत स्वतः टोपली उचलायचे. पावसात गटाराकडंला चिंध्यांचं गाठोडं दिसलं, पाहतात तर माणूस, कुष्ठरोगानं शेवटच्या अवस्थेत गेलेला तुळशीराम. अन् बाबा तिथून पळाले. लोक ही गोष्ट सांगताना पळाले हे पटकन उरकतात, पण मला तेच महत्त्वाचं वाटते. कशालाच न घाबरणारा म्हणून नाव असलेला माणूस घाबरला अन् ती भीती त्यांना सहन होईना. परत गेले, त्याची सेवा केली. पुढं कलकत्त्याला स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचं शिकले, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती, अन् मग आनंदवन. साधनाताई सोबत होत्या म्हणून झालं हे पण लिहिलं पाहिजे.

खडू_फळा
उदाहरण मोठं आहे, मान्य. पण तुळशीराम त्या रस्त्यावर तेव्हाच आला नसेल ना? किती लोक त्याच्या बाजूनं गेले असतील, त्यांनाही तोच तुळशीराम भेटला. त्यांचं आयुष्य नाही बदललं. म्हणजे जोर भेटीत नाही, माणसात आहे. मी तेच म्हणतोय पहिल्यापासून.

आणि अजून एक. ही गोष्ट आपण कायम बाबांच्या बाजूनं सांगतो. तुळशीरामच्या बाजूनं कोणी सांगितलेली मी तरी ऐकली नाही.

म्हशीवाला_एमए
सायकॉलॉजीत एमए केलं अन् आता म्हशी राखतो, कधी नव्हे ते शिक्षण कामात येऊन राह्यलं तर लिहू द्या 😅

अल्बर्ट बांडुरा म्हणून मोठा मानसशास्त्रज्ञ होऊन गेला (२०२१ मध्ये वारला). त्यानं १९८२ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिस्ट या जर्नलमध्ये याच विषयावर निबंध लिहिला, योगायोगाच्या भेटी अन् आयुष्याची वाट. त्याचं म्हणणं, भेट होणं आपल्या हातात नसते, पण ती भेट चिकटते का निसटते हे दोन गोष्टींवर असते, एक तर माणसाची आवड, कौशल्य, मनाची ठेवण, अन् दुसरं म्हणजे ज्या लोकांत तो शिरते ते लोक त्याला कसं धरून ठेवतात. खडू_फळा सर पहिलं म्हणून राह्यले, सांबारवडी ताईंच्या आईचा बचत गट हे दुसरं. नुसतं गाडीतलं वाक्य असतं तर चार दिवसात विरून गेलं असतं, गटानं तिला धरलं.

बांडुराचं स्वतःचं पण मजेदार आहे. गोल्फ खेळायला मित्रासोबत उशिरा पोचला म्हणून नंतरची वेळ मिळाली, पुढं दोन बाया हळूहळू खेळत होत्या, गाठ पडली, त्यातली एक पुढं बायको झाली. अन् एकदा तो याच विषयावर भाषण देत होता, तर एक संपादक उशिरा आला, दाराजवळ जागा दिसली तिथं बसला, बाजूला बसलेल्या बाईशी काही महिन्यांनी त्याचं लग्न झालं. भाषण योगायोगाच्या भेटींवर!

अजून एक. २०१४ मध्ये शिकागोच्या दोन संशोधकांनी लोकलच्या प्रवाशांना सांगितलं का अनोळखी माणसाशी बोला. लोकांना आधी वाटत होतं का त्यापेक्षा चूप बसलेलं बरं, पण जे बोलले त्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. अन् १९७३ मध्ये ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं दाखवलं होतं का नोकरीची खबर जिवलग मित्रापेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून जास्त येते. कारण सोपं आहे, जिवलगाला जे माहीत ते आपल्याला पण माहीतच असते.

ठेलेवाला
शिकागोवाल्यांना रुमाल टाकून सीट धरावी लागत नसंल म्हणून प्रवास चांगला गेला. आमच्याकडं रुमालावरून जी ओळख होते ती वेगळीच असते 😂

अचलपूर_पॅसेंजर
शकुंतला या छोट्या रेल्वेचं नाव कोणी काढलं नाही म्हणून मी काढतो. मूर्तिजापूर–यवतमाळ अन् मूर्तिजापूर–अचलपूर. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. इतकी हळू का माणसाला गोष्ट पूर्ण करता यायची. आता रूळ गवतात गेले.

नाव_नको
सगळे चांगलंच लिहून राह्यले म्हणून लिहितो. माझ्या मोठ्या भावाला धाब्यावर एक माणूस भेटला होता. पांढरा शर्ट, गोड बोलणं, टेबलावर जागा नव्हती म्हणून याच्यासमोर बसला. दामदुप्पटच्या स्कीमची गोष्ट त्यानं काढली पण नाही पहिल्या दिवशी, नुसती सोयाबीनच्या भावाची विचारपूस. तिसऱ्या भेटीत काढली. भावानं स्वतःचे टाकले, मग सासऱ्याचे, मग गावातल्या लोकांचे. आता तो पारावर बसत नाही, लग्नाला जात नाही, फोन उचलत नाही. तो पण सलत असलेलाच माणूस होता, पऱ्हाटीवाला भाऊ. दोन पोरींच्या शिक्षणाचं सलत होतं त्याला. ज्याला काही विकायचं असते त्याला असा माणूस बरोबर दिसते.

पऱ्हाटीवाला
@नाव_नको भाऊ, वाचून काही सुचलं नाही थोडा वेळ. मी वर लिहिलं होतं का त्या माणसाला काही विकायचं नव्हतं म्हणून मी ऐकलं, पण तुमच्या भावाला पण पहिल्या दिवशी असंच वाटलं असंल. फरक कसा ओळखायचा हे मला सांगता येत नाही. एवढंच दिसते का माझ्या माणसानं फूल हातात दिलं, अळी डोळ्यानं दाखवली, अन् दुसऱ्या दिवशी मी माझ्या वावरात जाऊन स्वतः पाकळ्या सोडवून पाहू शकलो. होती अळी. स्कीमवाल्याचं असं घरी जाऊन पाहता येत नाही. भावाला म्हणा, वाटलं तर माझ्याशी बोला, गावात कोणाला समजणार नाही.

डबल_घंटी
@नाव_नको त्या स्कीमवाले आमच्या गाडीत पण चढायचे. चेहरा वयखू येते आता. मी त्यांना बायांच्या बाजूला बसूच देत नाही, मागं पाठवतो, नियमात बसत नसलं तरी.

खडू_फळा
@नाव_नको तक्रार केली का? आर्थिक गुन्हे शाखेकडे देता येते, आणि भावाचं नाव गुंतवणारा म्हणून आलं तरी तो सुद्धा फसवला गेलाय हे कागदावर आणता येतं. पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जे असेल ते जपून ठेवा, डिलीट करू देऊ नका. माझा एक विद्यार्थी वकील आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

नाव_नको
करा सर.

ठेलेवाला
मंडळी एक गडबड झाली. धागा मोबाइलवर उघडा राह्यला अन् घरचीनं सांबारवडी ताईंचं वाचलं. सकाळपासून एकच चालू आहे, ८-अ काढून दाखवा. मी म्हटलं खोका माझ्या नावावर आहे, घर बाबांच्या नावावर आहे, मग तुझं कसं लावू? तर म्हणे पहिले तुमचं लावा मग माझं. ताई हे कसं करावं लागते?

सांबारवडी
@ठेलेवाला भाऊ 😄 आधी ग्रामपंचायतीतून ८-अ चा उतारा काढा, वडलांचंच नाव आहे का आजोबांचं ते पाहा, आमच्याकडं आजोबांचंच निघालं होतं अन् त्यातच महिना गेला. वडील हयात आहेत तर ते स्वतः अर्ज देऊन आईचं नाव लावू शकतात, ते सोपं आहे, पहिले ते करा. तुमचं अन् वहिनींचं नंतर. ग्रामपंचायतीचा सचिव कोणत्या दिवशी गावात येते ते विचारून जा, नाहीतर चक्कर फुकट. अन् वहिनींना सोबत न्या.